फर्स्ट कॉपी: दुरुस्तीच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत आमचं बॅगा, पट्टे आणि बुटांच्या दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं तेव्हा सूटकेसची कुलपं आणि शाळेच्या दप्तरांचे बंद एवढंच काम यायचं. आता टेबलावर पडलेल्या निम्म्याहून जास्त वस्तूंवर पॅरिस नाहीतर मिलानच्या कुठल्यातरी कंपनीचं नाव असतं, आणि त्यातल्या बहुतेकींना पॅरिसचं वारंही लागलेलं नसतं. रामबाग, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर इथली आपली मराठी मंडळी वस्तू टाकायला येतात आणि चेन बसवायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ प्रश्न विचारत उभी राहतात. आईबाप मुलांबद्दल विचारतात, मुलं आईबापांबद्दल. रोज तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

फर्स्ट कॉपी म्हणजे नक्की काय? मग सेकंड कॉपीही असते का?

फर्स्ट कॉपी म्हणजे नावाजलेल्या कंपनीच्या वस्तूची हुबेहूब नक्कल. सेकंडही असते, पण ‘सेकंड कॉपी’ म्हणून कोणी विकत नाही. बाजारात ज्याला त्याला फर्स्टच कॉपी म्हणतात. त्याच्या वर ‘मास्टर कॉपी’, ‘मिरर’, ‘सेव्हन ए’, ‘टेन ए’ अशी बढती दिलेली असते. ही प्रतवारी कोणत्याही संस्थेने ठरवलेली नाही. विकणारा समोरच्याचा चेहरा पाहून आकडा सांगतो. एकाच पोत्यातून निघालेल्या दोन पट्ट्यांपैकी एक ‘फाइव्ह ए’ आणि एक ‘सेव्हन ए’ म्हणून विकलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

एक फरक मात्र नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कंपनीचं नाव किंवा चिन्ह तिच्या परवानगीशिवाय छापलं, तर ती नकली वस्तू. नाव न छापता नुसता घाट उचलला, तर त्याला मुलं ‘डुप’ म्हणतात. डुपवरही डिझाइनचा खटला होऊ शकतो, पण ती सरसकट नकली ठरत नाही. तिसरा प्रकार चोरून आलेल्या खऱ्या मालाचा. “फॅक्टरीतून बाजूला काढलेला पीस आहे भिया” असं सांगणारा दर चौथ्या दुकानात भेटतो. एवढे पीस खरोखर बाजूला निघाले असते, तर त्या कंपनीला कधीच टाळं लागलं असतं.

पोरांना खोटं आहे हे कळत नाही का? आपण समजवायला हवं का?

आईवडिलांचा हा पहिला प्रश्न, आणि इथेच त्यांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. पोरांना सगळं कळतं. पावणेदोन लाखांची बॅग सतराशे रुपयांत मिळत नसते, हे अकरावीतल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. उलट तो तुम्हाला सांगेल की खऱ्या जोड्याच्या टाचेवरची शिवण कुठे वळते आणि याच्यात कुठे वळते. आमच्याकडे येणारी मुलं स्वतःच म्हणतात, “काका, कॉपी आहे, पण चांगल्यातली आहे, जपून करा.”

युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने २०२२ साली पंधरा ते चोवीस वयाच्या मुलामुलींची पाहणी केली होती. मागच्या वर्षभरात आपण जाणूनबुजून नकली वस्तू घेतली असं ३७ टक्क्यांनी सांगितलं. २०१९च्या पाहणीत हेच प्रमाण १४ टक्के होतं. गंमत अशी की फसून नकली वस्तू घेतल्याचं सांगणारेही २०२२मध्ये ३७ टक्केच निघाले. म्हणजे फसवणूक होते, नाही असं नाही. पण जेवढे फसतात तेवढेच उघड्या डोळ्यांनी घेतात.

तेव्हा “अरे, ते नकली आहे” हे वाक्य घरात उच्चारू नका. मुलगा मनात हसतो.

मग कळत असूनही का घेतात?

पैसे कमी आहेत म्हणून, हे उत्तर खरं आहे पण अर्धंच. पैसे कमी असतील तर बाटाचा बूट घ्यावा, तो टिकतो आणि त्यात लपवण्यासारखंही काही नसतं. नकलीच का, याचं उत्तर मला भंवरकुव्याच्या पोरांकडून मिळालं.

भंवरकुआँ म्हणजे आमच्याकडचं कोचिंगचं गाव. स्पर्धा परीक्षांच्या तयारीला खरगोन, बुऱ्हाणपूर, खंडवा, बैतूल कुठून कुठून मुलं येतात आणि एका खोलीत तिघं-चौघं राहतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका खोलीतला मुलगा पांढऱ्या-लाल उंच बुटांचा जोड घेऊन आला. तळवा पुढून उघडला होता. आत पाहिलं तर एका बुटात कापसाचा बोळा कोंबलेला. विचारलं तर म्हणाला, “काका, माझा नंबर आठ आहे, जोड नऊचा आहे. आम्ही पाच जणांनी मिळून घेतलाय. ज्याला लग्नाला किंवा फोटोला जायचं असेल तो घालतो.” पाच जणांनी प्रत्येकी साडेतीनशे रुपये काढले होते. आणि कोणाचाही पाय मोठा असला तरी शिरावा, म्हणून सगळ्यात मोठा नंबर घेतला होता.

मी इतकी वर्षं जे ऐकलं ते त्या बोळ्यापाशी येऊन थांबलं. हा जोड चालण्यासाठी घेतलेलाच नव्हता. तो गावाकडच्या मित्रांनी पाहावा, फोटोत दिसावा, इंदूरला जाऊन पोरगं ‘काहीतरी’ झालंय असं वाटावं, यासाठी होता. तसं वाटायला खऱ्या बुटाची गरज नसते, बघणाऱ्याला लांबून ओळखता येईल अशा खुणेची असते. ती खूण साडेतीनशेत मिळत असेल तर सोळा हजार कोण घालवेल?

२००९ साली मार्केटिंगच्या अभ्यासकांनी असंच काहीसं मांडलं होतं. महागडी वस्तू घेण्यामागे माणसाचे दोन हेतू असू शकतात: एक, आपल्याला काय आवडतं ते सांगणं, आणि दुसरा, चार लोकांत शोभून दिसणं. दुसरा हेतू बळकट असला की नकली वस्तूकडे ओढा वाढतो, आणि ब्रँडचं नाव वस्तूवर ठळक असलं की आणखीच वाढतो. सतरा-अठराव्या वर्षी चार लोकांत शोभणं हाच हेतू बळकट असणार. त्यात त्या मुलांचं काय चुकलं? त्या वयात आपणही गॉगल लावूनच फोटो काढले आहेत.

आणखी एक कारण मुलं स्वतःहून सांगत नाहीत, पण ते दिसतं. फॅशन भराभर बदलते. या दिवाळीला जो बूट हवा, तो पुढच्या होळीला शिळा होतो. ज्याला सहा महिन्यांनी नवं लागणार आहे, त्याला टिकाऊपणाचं कौतुक सांगून उपयोग नसतो.

लोगो नसलेली, चांगल्या चामड्याची बॅग त्याच पैशात मिळते. ती का नको?

कारण तिच्याकडे पाहून कोणी काही म्हणत नाही.

हे पोरांनी शोधून काढलेलं नाही, कंपन्यांनीच शिकवलंय. लुई व्हिताँच्या तपकिरी कापडावरची ती अक्षरं आणि फुलं आठवा. ती नक्षी १८९६ साली त्याचा मुलगा जॉर्ज याने काढली, आणि काढली तीच मुळी नकला थांबवण्यासाठी. त्याआधीच्या चौकटीच्या कापडाची नक्कल होत होती, म्हणून वडिलांची आद्याक्षरं घालून कोणाला सहज उचलता येणार नाही अशी नक्षी केली. आज तीच नक्षी जगात सर्वांत जास्त चोरल्या जाणाऱ्या खुणांपैकी आहे. शिवाय ते कापड चामडं नसतंच. सुती कॅनव्हासवर प्लास्टिकचा थर दिलेला असतो. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बऱ्याच अंशी नक्षीचे. मग नक्षी तेवढी उचलली की झालं, असं कॉपीवाल्याला वाटलं तर त्याचं डोकं बरोबरच चाललंय म्हणायचं.

२०१०च्या एका अभ्यासात महागड्या बॅगांच्या किमती आणि लोगोचे आकार ताडून पाहिले होते. एकाच कंपनीत बॅग जितकी महाग, तितका तिच्यावरचा लोगो लहान, असं निघालं. खरे गडगंज लोक एकमेकांना शिवणीवरून ओळखतात, नाव ओरडून सांगायची गरज त्यांना पडत नाही. नक्कल करणारे मात्र मोठ्या लोगोच्या, म्हणजे त्या कंपनीतल्या त्यातल्या त्यात स्वस्त बॅगाच उचलतात. माझ्या टेबलावरही तेच दिसतं. बिननावाच्या महागड्या बॅगेची कॉपी इतक्या वर्षांत एकदाही आलेली नाही.

आमच्या काळी असलं काही नव्हतं, नाही का?

काकू, रागावू नका, पण सराफ्यात जरा दिवसाउजेडी फिरून या. रात्री तिथे गराडू आणि भुट्ट्याचा कीस खातो ते वेगळं. दिवसा त्याच परिसरात एक ग्रॅम सोन्याच्या ठुश्या, चिंचपेट्या, मोहनमाळा मिळतात. आपल्या आयाबहिणींनी हळदीकुंकवाला बेंटेक्सच्या बांगड्या घातल्या नाहीत का? घातल्या, आणि त्यात काही वावगं नव्हतं. कोणाचं नाव चोरलं नव्हतं, आणि सोनं म्हणून कोणी विकलंही नव्हतं.

पण साडीचं काय? ‘सेमी पैठणी’ हा शब्द आपल्या लग्नांमध्ये किती सहज वापरला जातो ते बघा. माहेश्वरीचं तर घरचंच दुखणं. महेश्वर इथून दोन-अडीच तासांवर, अहिल्याबाईंनी वसवलेला विणकरांचा वारसा, आणि इंदूरच्या बाजारात यंत्रमागावरची साडी ‘माहेश्वरी’ म्हणून राजरोस विकली जाते. चंदेरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, माहेश्वरीलाही आहे. ज्या वस्तूला असं मानांकन आहे तिचं नाव खोटेपणाने लावून माल विकला, तर भौगोलिक मानांकनाच्या १९९९च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. ट्रेडमार्कच्या कायद्यातही नेमकी एवढीच शिक्षा आहे. लेकाच्या बुटावरून घर डोक्यावर घेणाऱ्या एका बाईंच्या अंगावर त्या दिवशी कसली ‘माहेश्वरी’ होती, हे मी तिथे बोललो नाही. गिऱ्हाईक तोडायचं नसतं. पण किनारीच्या कडेला हातमागावर कापड ताणून धरल्याची जी बारीक भोकं राहतात, ती दिसत नव्हती.

फरक एवढाच की पॅरिसच्या कंपनीकडे वकिलांची फौज आहे. महेश्वरच्या विणकराकडे नाही.

इंदूरलाच ही हौस जास्त आहे का?

नाही, सगळीकडे आहे. मघाच्या युरोपच्या पाहणीत जाणूनबुजून नकली घेणाऱ्या मुलांचं प्रमाण ग्रीसमध्ये ६२ टक्के होतं आणि सर्वांत कमी असलेल्या फिनलंडमध्येही २४ टक्के. आपल्या देशातला दिल्लीच्या करोलबागेतला टँक रोड आणि मुंबईचं हीरा पन्ना हे बाजार अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या बदनाम बाजारांच्या यादीत येऊन गेले आहेत. इंदूरचं नाव तिथे नाही, आणि मला त्याचा अभिमान वगैरे वाटत नाही, कारण आपल्याकडे येणारा माल बहुतेक अशाच बाजारांतून येतो.

इंदूरची गोष्ट जरा वेगळी आहे ती दुसऱ्या कारणाने. आयआयटी आणि आयआयएम दोन्ही असलेलं हे शहर. कोचिंगची हजारो पोरं, नव्या आयटी कंपन्यांमधली पहिली नोकरी, बायपासवरचे मोठे मॉल आणि टाउनशिप, आणि दहा किलोमीटरवर शीतलामाता बाजाराच्या अरुंद गल्ल्या. एकच मुलगा शनिवारी मॉलमध्ये काचेपलीकडचा खरा बूट हातात घेऊन बघतो आणि रविवारी जेल रोडवर तसाच शोधतो. खरी वस्तू रोज डोळ्यांसमोर असल्याशिवाय कॉपीची भूक लागत नाही.

हौस इंदूरला नवी नाहीच म्हणा. माणिकबाग पॅलेस आठवतो का? इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या सुमाराला एकार्ट मुथेसिअस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून तो बांधून घेतला आणि युरोपातल्या नामांकित कारागिरांचं फर्निचर आणून आत मांडलं. त्यातलं बरंच सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात गेलं. आज त्या महालात केंद्रीय अबकारी आणि जीएसटीचं कार्यालय आहे. युरोपची खरीखुरी चैन जिथे नांदली तिथे आता कराच्या फायली, आणि शहरभर युरोपच्या नावांचा बिनबिलाचा माल! हे मला नेहमी आठवतं, आठवून काही होत नाही ती गोष्ट निराळी.

नकली वस्तू विकत घेणं गुन्हा आहे का? पोलीस पकडतील का?

स्वतःच्या वापरासाठी एक बूट घेतला म्हणून आपल्याकडे ट्रेडमार्क कायद्यात गिऱ्हाइकाला शिक्षा नाही. इटलीत मात्र गिऱ्हाइकालाही सात हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा तिकडे फिरायला गेलात तर रस्त्यावरच्या बॅगांपासून चार हात लांब राहा.

विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याची कलमं १०३ आणि १०४ पाहा. खोटं चिन्ह लावणं हा गुन्हा आहे, तसंच तो माल विकणं किंवा विकायला बाळगणं हाही गुन्हाच आहे. शिक्षा वर सांगितली तीच. दुसऱ्यांदा सापडला तर किमान एक वर्ष. पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. परदेशातून येणारा नकली माल अडवण्यासाठी कस्टमकडेही २००७पासून नियम आहेत.

मुलगा म्हणतो, “मी घेत नाही, रीसेलिंग करतो.” हे ठीक आहे का?

अजिबात नाही. या पानावरचा हा एकच भाग वाचला तरी चालेल.

धंदा असा चालतो. कोणीतरी टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रोज पन्नास फोटो टाकतो. मुलगा ते स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकतो, अठराशेच्या बुटाला एकवीसशे सांगतो, ऑर्डर आली की पत्ता पुढे पाठवतो. माल त्याच्या हाताला लागतही नाही. मधले तीनशे रुपये त्याचे. मुलाला वाटतं, आपण फक्त फोटो टाकतो. पण पैसे त्याच्या खात्यात आलेले असतात, मोबाइल नंबर त्याचा असतो, पार्सलवर पाठवणारा म्हणून नावही बरेचदा त्याचंच. वरचा माणूस कोण आणि कुठल्या गावचा, हे त्याला ठाऊक नसतं. उद्या कोणी तक्रार केली, किंवा गिऱ्हाइकाला बुटाऐवजी फाटकी चप्पल गेली, तर सापडणारं टोक एकच आहे, आणि ते तुमच्या घरात बसलंय.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने हे आठ महिने केलं. वरच्या माणसाने एका दिवाळीला तेवीस जणांचे आगाऊ पैसे घेऊन नंबर बंद केला. मुलाच्या वडिलांनी पीएफमधून उचल काढून तेवीस जणांचे पैसे फेडले. पोलिसात जायचं ठरवलं, पण तक्रारीत लिहायचं काय? नकली माल विकायला दिलेले पैसे बुडाले, असं?

टिकतं का हो ते?

काही टिकतं. उगाच खोटं कशाला बोलू. कॉपीतही चांगले कारागीर असतात, आणि एखादी बॅग तीन वर्षं मजेत चालते.

कुठे मार खाते ते सांगतो. पहिलं, चिकटवणं. तळवा बसवण्याआधी पृष्ठभाग घासून त्यावर प्रायमर लावावा लागतो, मग डिंक, मग दाब. स्वस्त मालात मधली पायरी गाळतात. इंदूरचा उन्हाळा लागला की तळवा तोंड उघडतो. दुसरं, रेक्झिन. ‘पीयू लेदर’ म्हणतात ते म्हणजे कापडावर प्लास्टिकचा पातळ थर. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात आणि खांद्यावर काळे कण पडतात. त्याला इलाज नाही, रंग मारून आणणाऱ्यांचे मी फक्त पैसे वाचवतो. तिसरं, चेन. दात ठीक असतात, रनर, म्हणजे चेन पुढेमागे सरकवणारा तुकडा, हलका असतो. रनर बदलायला चाळीस-पन्नास रुपये लागतात, तेवढं करून घ्या.

खऱ्याचंही एक सांगायला हवं. पॉलियुरेथेनचे तळवे खऱ्या बुटांचेही भुगा होतात, आणि गंमत म्हणजे न वापरता माळ्यावर ठेवले की लवकर होतात. पहिल्या पगाराचा महागडा जोड चार वर्षं डब्यात जपून ठेवलेला एक मुलगा आला होता. त्याने झाकण उघडलं तेव्हा आत नुसता भुसा होता.

अंगाला काही अपाय?

बॅग आणि पट्ट्याने सहसा नाही. तीन गोष्टी मात्र घरात येऊ देऊ नका.

गॉगल: काळी काच लावली की डोळ्याची बाहुली मोठी होते. काचेला अतिनील किरण अडवणारा थर नसेल, तर उघड्या डोळ्यांपेक्षा जास्त किरण आत जाऊ शकतात. सौंदर्यप्रसाधनं: लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी २०१८ साली जप्त केलेल्या नकली मेकअपमध्ये जंतू आणि विष्ठेचे अंश सापडले होते. लिपस्टिक पोटात जाते, हे लक्षात ठेवा. आणि मोबाइलचे चार्जर. याबद्दल वेगळं काय सांगायचं, रात्रभर उशाशी लावून झोपतो आपण.

खरं-खोटं ओळखायचं कसं?

सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत मी छातीठोक सांगायचो. आता चांगली कॉपी माझ्याही हातून निसटते. मीच एकदा फसलो आहे. एका व्यापाऱ्याने नामांकित जपानी चेनचे म्हणून दोन ग्रोस रनर दिले, अक्षरं कोरलेली, खोके व्यवस्थित. दोन महिन्यांत गिऱ्हाइकं परत यायला लागली. सगळ्यांना फुकट बदलून द्यावे लागले.

तरी थोडं सांगतो. लोगो बघू नका, सगळी मेहनत तिथेच घेतलेली असते. जिथे कोणी बघत नाही तिथे बघा: खिशाच्या आतली शिवण, हँडल बॅगेला जोडलं तिथला टाका, कडेचा रंग, अस्तराचं कापड ताणलेलं की सुरकुतलेलं. वास घ्या, स्वस्त डिंकाचा उग्र वास आठवडाभर जात नाही. बॉक्स, टॅग, धूळपिशवी, ‘बिलासहित’ यावर जाऊ नका. तो सगळा संच वेगळा विकत मिळतो, बिलसुद्धा. आणि फसवून दिलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे जाताना आपण किती पैसे मोजले होते ते मनाशी धरा, कारण पहिला प्रश्न तोच येणार.

कंपन्यांचं खरंच एवढं नुकसान होतं का?

ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात ४६७ अब्ज डॉलरचा नकली माल देशोदेशींच्या सीमा ओलांडून गेला, आणि पकडलेल्या मालात ६२ टक्के कपडे, बूट आणि चामड्याच्या वस्तू होत्या. आकडा मोठाच आहे. पण माझ्याकडे येणारा मुलगा कॉपी मिळाली नसती तर पावणेदोन लाखांची बॅग घेणार होता, असं कोणी म्हणत असेल तर मला पटत नाही. खरी झळ लागते ती मधल्यांना. इथलाच कारागीर अडीच हजारांत चामड्याची चांगली, बिननावाची बॅग करून देतो, त्याचं गिऱ्हाईक सतराशेच्या लोगोकडे पळतं. माझ्या गल्लीत असे तीन होते, आता एक आहे.

घरात बोलायचं कसं?

मित्रांसमोर बोलू नका. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

बाकी, हिशोब काढायला लावा. वर्षाला किती जोड घेतले आणि किती रुपये गेले, हे मुलालाच मांडू द्या. तीन-चार जोड, दोन घड्याळं, एक गॉगल असं धरलं तर बेरीज बरेचदा एका खऱ्या, मध्यम किमतीच्या जोडाच्या आसपास येते. काही मुलांना ते पटतं. काहींना नाही पटत, कारण त्यांना एक नको असतो, चार हवे असतात. तेही समजण्यासारखं आहे.

खरी बॅग घेतली, तरी लोक कॉपीच समजतील. मग घ्यायची कशाला?

हा प्रश्न मला राजेंद्रनगरच्या एका मुलीने विचारला, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत नोकरीला आहे. दीड वर्ष पैसे साठवून तिने खरी बॅग घेतली, बिल, वॉरंटी सगळं. पहिल्या दिवशी ऑफिसात तिघींनी विचारलं, “कुठून घेतलीस, मलाही नंबर दे ना.” कारण ती सिटी बसने येते. त्याच ऑफिसात बायपासच्या टाउनशिपमधून गाडीने येणारी एक जण आहे. तिच्या हातातली बॅग माझ्याकडे रनर बदलायला आली होती, ती कॉपी होती. तिला कोणी विचारत नाही.

म्हणजे खरं-खोटं बॅगेवर ठरतच नाही, ती कोणाच्या खांद्यावर आहे यावर ठरतं. ती मुलगी विचारत होती, “काका, तुम्ही ही खरी आहे असं लिहून द्याल का?” हसत म्हणाली, पण अर्धवट खरंच म्हणाली. मी तिच्या हँडलला थोडं मेण लावून दिलं. पैसे घेतले नाहीत.

कॉपीची दुरुस्ती करता का?

करतो. वस्तू कोणाच्याही नावाची असो, तळवा उघडला की उघडला. चिकटवायचे ऐंशी रुपये, दोनदा चिकटतो, तिसऱ्यांदा शिवावा लागतो, त्याचे दीडशे. पापुद्रे सुटलेलं रेक्झिन घेत नाही. गळून पडलेला लोगो नवा बसवून मिळत नाही, त्यासाठी कृपया आग्रह करू नये. पाच जणांत एक जोड असेल तर कोणीही एकाने पावती घेऊन यावं. सोमवारी दुकान बंद.